खाटेपाशी सापडलेला प्रश्न आणि परदेशाची वाट

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. परदेशी जाऊन रुग्णही तपासायचे आणि संशोधनही करायचे, म्हणजे ज्याला आपण डॉक्टर-संशोधक म्हणतो ते व्हायचे, तर वाट कोणती, असे त्यांत विचारले आहे. त्यांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या अनेक वाचकांच्या शंका त्याच पत्रात सामावल्या आहेत.

प्रश्न : मी मुंबईतील एका महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करीत आहे. आमचे घर डोंबिवलीला आहे. वडील एसटीतून निवृत्त झाले आहेत आणि आई पोळीभाजी केंद्र चालवते. मेडिसिनच्या वॉर्डात काम करताना माझ्या लक्षात आले, की मधुमेह असलेल्या क्षयरुग्णांची थुंकी दोन महिन्यांच्या उपचारानंतरही अनेकदा निगेटिव्ह, म्हणजे जंतुमुक्त, होत नाही. युनिटमध्ये विचारले, तर ‘असे होतेच’ एवढेच उत्तर मिळाले. तेव्हापासून याचे कारण शोधावे असे मनात घर करून बसले आहे. मला रुग्णसेवा सोडायची नाही, पण प्रयोगशाळाही हवी आहे. सीनियर अमेरिकेला जाण्याचा सल्ला देतात. कोणी म्हणते आधी पीएचडी कर, कोणी म्हणते आधी रेसिडेन्सी (तेथील रुग्णालयातले पदव्युत्तर प्रशिक्षण), तर कोणी म्हणते की चार-पाच पेपर छापून घेतले की मॅच (त्या प्रशिक्षणाच्या जागेसाठीची निवड) आपोआप होते. घरी मी एकटीच कमावती होणार आहे. मी काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य थुंकीबद्दलचे आहे. व्हिसाचे नियम बदलतात, परीक्षांचे स्वरूप बदलते, पण वॉर्डात उभे असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि ‘असे होतेच’ या उत्तराने न शमलेला प्रश्न ही गोष्ट कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. मधुमेह असलेल्या व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पटींनी अधिक असतो, हे सिद्ध झालेले आहे, आणि अशा रुग्णांची थुंकी उशिरा निगेटिव्ह होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु त्यामागे पेशींची मंदावलेली प्रतिकारशक्ती किती, रक्तात कमी उतरणारी औषधांची मात्रा किती आणि साखरेवरील नियंत्रणाचा वाटा किती, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. म्हणजे तुमचा प्रश्न जिवंत आहे. अमेरिकेत वर्षभरात मिळून सुमारे दहा हजार क्षयरुग्ण आढळतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली भारतात सुमारे २८ लाख लोकांना क्षयरोग झाला. ज्या आजाराचे रुग्ण तेथील निवासी डॉक्टरला क्वचित दिसतात, ते तुम्ही रोज सकाळच्या राउंडला पाहता. तुम्ही परदेशी जाल तेव्हा ही तुमची पुंजी असेल. ती कमी लेखू नका.

असा प्रश्न कोठवर नेता येतो, याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका वेगळ्याच रक्तगटाची नोंद केली. वरकरणी ‘ओ’ वाटणाऱ्या या रक्ताला ‘ओ’ गटाचेही रक्त जुळत नव्हते. रक्तपेढीत अशी विसंगती दिसली, की तपासणीतली चूक म्हणून ती सोडून देणे सोपे असते. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी ती सोडली नाही. लंडनमधील सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या सहकार्याने त्यांनी तिचा छडा लावला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हे मूलभूत प्रतिजनच (रक्तगट ठरवणारा पेशीवरचा घटक) नसते, हे पुढे स्पष्ट झाले. आज जगभरातील रक्तपेढ्या हा प्रकार ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखतात. डॉक्टर-संशोधक म्हणजे दोन पदव्या असलेला माणूस, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. मला ती अपुरी वाटते. खाटेपाशी दिसलेली विसंगती प्रयोगशाळेत नेणारा आणि तेथील उत्तर पुन्हा खाटेपाशी आणणारा, तो डॉक्टर-संशोधक.

आता ‘आधी पीएचडी की आधी रेसिडेन्सी’ या प्रश्नाकडे येते. भारतातून एमबीबीएस करून अमेरिकेला जाणाऱ्यासाठी या दोन वाटा खरोखरच वेगळ्या आहेत, आणि एका वाटेवरून दुसरीवर जाणे वाटते तितके सोपे नाही.

पीएचडीची वाट आर्थिकदृष्ट्या सोपी आहे. तेथील चांगल्या विद्यापीठांतील जीवशास्त्राच्या पीएचडीला परदेशी विद्यार्थ्यांचेही शुल्क साधारणपणे माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. त्यासाठी वैद्यकीय परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागत नाहीत. परंतु ही पाच-सहा वर्षे तुम्ही रुग्णाला हात लावत नाही. नंतर रेसिडेन्सीसाठी अर्ज करताना एमबीबीएस होऊन किती वर्षे झाली, हे अनेक ठिकाणी पाहिले जाते आणि मोठे अंतर तुमच्या विरोधात जाते. या वाटेने गेलेल्यांपैकी बरेच जण उत्तम वैज्ञानिक होतात, पण डॉक्टर राहत नाहीत.

जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे आयुष्य येथे आठवते. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकत असताना त्यांनी खादी वापरली. शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकांचा रोष ओढवला आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालची पदवी त्यांच्या हाती आली. १९२० च्या दशकात ते बोस्टनला पोहोचले तेव्हा डॉक्टर म्हणून काम मिळेना, म्हणून त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीला सेवकाचे काम केले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत विकसित केली आणि स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले. पेशींच्या ऊर्जेचे चलन म्हणता येईल अशा एटीपीच्या शोधातही त्यांचा वाटा होता. पुढे लेडर्ले या औषध कंपनीत त्यांच्या गटाने फॉलिक आम्लाचे संश्लेषण केले. फॉलिक आम्लाला विरोध करणारी औषधे त्याच कामातून आली आणि त्यांच्या आधारे सिडनी फार्बर यांनी १९४८ साली लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तात्पुरता का होईना, पण स्पष्ट उतार घडवून दाखवला. हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिनही त्यांच्याच गटाचे. आपल्या राज्यातील हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत घरोघरी वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते आजही असते. सुब्बाराव यांनी अमेरिकेत डॉक्टर म्हणून रुग्ण तपासले नाहीत. मात्र संग्रहणीसारख्या ‘ट्रॉपिकल स्प्रू’ या आजाराने त्यांचे दोन भाऊ गेले होते आणि ते स्वतःही त्या आजाराने मरता मरता वाचले होते. फॉलिक आम्ल त्याच आजारात उपयोगी पडते. खाट सुटली, तरी प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांना निवडीची संधीच नव्हती. तुम्हाला ती आहे, आणि रुग्णसेवा सोडायची नाही असे तुम्ही स्पष्ट लिहिले आहे. म्हणून माझे मत आधी रेसिडेन्सी करण्याच्या बाजूचे आहे.

त्या वाटेचा तपशील असा. अमेरिकेत परवान्यासाठी यूएसएमएलई ही परीक्षा असते. तिची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली, त्यामुळे निवड करणारे आता दुसऱ्या पायरीचे गुण, शिफारसपत्रे आणि संशोधन यांकडे अधिक पाहतात. पहिल्या दोन पायऱ्यांचे शुल्क परदेशी उमेदवाराला प्रत्येकी हजार डॉलरच्या पुढे जाते. मुलाखती मात्र कोविडनंतर बहुतांशी ऑनलाइन होतात, त्यामुळे पूर्वी केवळ मुलाखतींसाठी होणारा प्रवासाचा मोठा खर्च वाचतो. तुमच्या घरासाठी ही लहान बाब नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता २०२३ साली दहा वर्षांसाठी मिळाली, म्हणून मुंबईच्या पदवीच्या ग्राह्यतेची चिंता सध्या करू नये. मॅचचा निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो. अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना जागा मिळते, तर अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी अलीकडच्या वर्षांत साठ टक्क्यांहून थोड्या कमी जणांना मिळाली आहे. म्हणजे पाचांतील दोघे रिकाम्या हाताने परततात. हे आईवडिलांना आजच सांगून ठेवा.

मेडिसिनमध्ये जायचे असेल, तर तेथील अंतर्गत वैद्यक मंडळाच्या ‘रिसर्च पाथवे’ची माहिती मुलाखतीपूर्वी घ्या. त्यात नेहमीच्या तीन वर्षांऐवजी दोन वर्षे सर्वसाधारण मेडिसिन करायचे आणि पुढे तीन वर्षे संशोधनासाठी मिळतात. त्या काळात आठवड्याचा ८० टक्के वेळ संशोधनाचा असतो. त्यात तुम्हाला संसर्गजन्य रोगांची उपशाखाही जोडता येते. तुमच्यासारख्या प्रश्नाला ही रचना नेमकी जुळते.

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. अमेरिकेतील प्रशिक्षणाच्या चौथ्या वर्षी मला संशोधनाची जागा मिळाली, मी घरी फोन करून आनंदाने सांगितले, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी विभागाने कळवले की ज्या सरकारी प्रशिक्षण अनुदानातून त्या जागेचा पगार दिला जायचा, ते केवळ नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. कोणी फसवले नव्हते, पण कोणी आधी सांगितलेही नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. ते वर्ष वाया गेले. म्हणून मुलाखतीत हा प्रश्न निःसंकोच विचारा : संशोधनाच्या वर्षांतला माझा पगार कोणत्या पैशातून येणार? राष्ट्रीय आरोग्य संस्थेची टी-३२ ही प्रशिक्षण अनुदाने आणि के-०८, के-२३ ही नवोदित डॉक्टर-संशोधकांची अनुदाने व्हिसावरील व्यक्तीला मिळत नाहीत. के-९९ हे अनुदान मात्र नागरिकत्वाची अट घालत नाही, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनसारख्या खासगी संस्था काही प्रकारच्या व्हिसाधारकांनाही पाठ्यवृत्ती देतात. ज्या विभागात याचे उत्तर चटकन आणि नेमके मिळते, तेथे तुमच्यासारखे लोक आधी येऊन गेले आहेत, असे समजावे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. बहुतेक परदेशी डॉक्टर जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर रेसिडेन्सी करतात. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते, आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. ती टाळायची, तर ‘कॉनराड’ योजनेखाली डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ नोकरी करावी लागते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० सवलती देता येतात. पूर्णवेळ याचा अर्थ आठवड्याला चाळीस तास रुग्णसेवा, आणि मग प्रयोगशाळा तीन वर्षे बंद. रेसिडेन्सी आणि फेलोशिप (त्यापुढचे उपशाखेचे प्रशिक्षण) यांतून घडत आलेले कितीतरी संशोधक या तीन वर्षांत संशोधनातून बाहेर पडतात. दुसरा पर्याय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. त्याला परीक्षेची तिसरी पायरी आधी द्यावी लागते, सगळी रुग्णालये तो देत नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून देणारी रुग्णालयेही हात आखडता घेत आहेत. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी फार लांब आहे, कारण कोणत्याही एका देशाला एकूण रोजगाराधारित कोट्याच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. उच्चशिक्षितांसाठीच्या दुसऱ्या वर्गात भारतीयांना दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागत आहे. असाधारण कार्यासाठीच्या पहिल्या वर्गात हा काळ कमी असतो, आणि तेथे चांगले संशोधनच कामी येते.

परंतु दोन वर्षे मायदेशी राहण्याच्या अटीकडे मी तुम्हाला वेगळ्या नजरेने पाहायला सांगेन. ज्याचा प्रश्न अमेरिकेतल्या आजाराबद्दल आहे, त्याला ती शिक्षा वाटते. तुमचा प्रश्न मुंबईच्या वॉर्डातला आहे. तेथे रोगप्रतिकारशास्त्राचे आणि औषधमापनाचे तंत्र शिकून, हातात एखादा सहकार्य करार घेऊन तुम्ही दोन वर्षे येथे काम केलेत, तर ज्या रुग्णांशिवाय तुमचे काम पुढे सरकणारच नाही, ते रुग्ण तुम्हाला येथेच मिळतील.

आता पेपरांबद्दल. ‘चार-पाच पेपर छापले की मॅच होते’ हा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल, तर तो चांगल्या मनाने दिला असेल, तरी तो मानू नका. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या विद्यार्थ्यांमध्ये एक दुखणे पसरले आहे. ज्यांची एकमेकांशी ओळखही नाही, असे दहा-पंधरा जण ऑनलाइन एकत्र येऊन एखादा आढावा लिहितात, पैसे भरून छापतात, आणि सगळ्यांची नावे घालतात. मी स्वतः असे अर्ज वाचले आहेत. मुलाखतीत ‘तुमच्या या पेपरातला सर्वांत कमकुवत भाग कोणता?’ एवढे विचारले, की उमेदवार गप्प होतो. ज्याने वर्षभर एकाच प्रश्नावर काम केले आहे, त्याला हे उत्तर सर्वांत आधी सुचते. माझ्या मते असे पेपर केवळ निरुपयोगी नाहीत, तर हानिकारक आहेत; रुग्णांच्या नावावर खोटी माहिती जमा होते, आणि पुढे एखादा डॉक्टर तिच्या आधारे औषध लिहितो.

त्याऐवजी हे करा. महापालिका महाविद्यालयातून शिकल्यामुळे तुम्हाला शासनाची सेवाबंधनाची अट पूर्ण करावीच लागेल. ती चुकवण्यासाठी दंड भरू नका. तुमच्या घराच्या परिस्थितीत तो भरणे योग्यही नाही. शक्य झाल्यास ते वर्ष क्षयरोगाशी संबंधित ठिकाणी मागून घ्या. शिवडीचे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय किंवा वॉर्डातील क्षयरोग केंद्र, कोणतेही चालेल. तुमच्या प्रश्नाचा एकच लहान तुकडा निवडा, उदाहरणार्थ, उपचार सुरू होताना तीन महिन्यांची सरासरी साखर किती होती आणि दोन महिन्यांनी थुंकीचे काय झाले. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेतल्याशिवाय एकाही केसपेपरला हात लावू नका, मग तो तुमच्याच युनिटचा असो. कम्युनिटी मेडिसिन विभागातील एखाद्या शिक्षकाला संख्याशास्त्रासाठी सोबत घ्या. आपल्या महाविद्यालयांत ही मंडळी असतात, पण त्यांच्याकडे कोणी जात नाही. वर्षाअखेरीस तुमच्याकडे शंभर-दीडशे रुग्णांची स्वच्छ नोंद असेल, आणि कदाचित अपेक्षेच्या उलट निष्कर्षही निघेल. तसे झाले, तर तो निष्कर्ष तसाच लिहा.

आणि घराबद्दल. अमेरिकेतील पहिल्या वर्षीच्या रेसिडेंटचा पगार साधारण ६५ हजार डॉलरच्या आसपास असतो. त्यात तुमचे भागेल आणि घरीही काही पाठवता येईल, पण संशोधनाची वर्षे धरली, तर ज्याला आपण स्थिरस्थावर म्हणतो, ती अवस्था चाळिशीच्या आसपास येते. तेथील डॉक्टर-संशोधकाला पहिले मोठे स्वतंत्र सरकारी अनुदान मिळते, तेव्हा त्याचे वयही सरासरीने चाळिशी ओलांडलेले असते. एक रविवार ठरवून आईवडिलांसमोर कागद-पेन घेऊन बसा आणि हे आकडे लिहून दाखवा. तुमच्या आईला हिशेब कळतो. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला पीठ, गॅस आणि मदतनिसांची मजुरी यांतून महिना काढायचा असतो. तिला अंधारात ठेवून घेतलेला निर्णय पुढे तुम्हालाच जड जाईल.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. त्याला अमेरिकेतील एमडी-पीएचडी या एकत्रित अभ्यासक्रमाविषयी इंटरनेटवर वाचून आकर्षण वाटू लागले आहे आणि नीट न देता थेट तिकडे जायचे, असा त्याचा आग्रह आहे. आम्ही काय करावे? (एक पालक, विलेपार्ले)

उत्तर : अमेरिकेत वैद्यकशास्त्राला प्रवेश बारावीनंतर नव्हे, तर चार वर्षांच्या पदवीनंतर मिळतो, हे प्रथम त्याला सांगा. तो ज्या अभ्यासक्रमाविषयी वाचतो आहे, त्याला राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ साली अनुदान देण्यास सुरुवात केली. सुमारे आठ वर्षांच्या या अभ्यासक्रमात शुल्क माफ असते आणि विद्यावेतन मिळते, म्हणून तो आकर्षक वाटतो. पण हे सरकारी अनुदान केवळ नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मोजकीच विद्यापीठे आहेत आणि तेथील स्पर्धा अतिशय तीव्र आहे. पदवीची चार वर्षे स्वखर्चाने तिकडे काढायची आणि नंतर दार बंद असल्याचे कळायचे, हा धोका मध्यमवर्गीय कुटुंबाने पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याने नीट द्यावी. एमबीबीएस करताना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना असते. ती १९७९ पासून चालू आहे, आणि दोन महिन्यांच्या त्या कामात आपल्याला संशोधन मनापासून आवडते की नाही, हे बऱ्याच अंशी कळते. आणि जर त्याला रुग्णांपेक्षा रेणूच अधिक खुणावत असतील, तर पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेतून विज्ञानाची पदवी घेऊन पीएचडीसाठी परदेशी जाणे, हीदेखील सन्मानाची वाट आहे. मात्र त्या वाटेने तो डॉक्टर होणार नाही. हे त्याला आज सांगितलेले बरे. निर्णय घेण्यापूर्वी त्याला एखाद्या दिवशी सकाळी कोणत्याही महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या रांगेत दोन तास उभे करा. त्याला तेथे काय वाटले, ते शांतपणे ऐकून घ्या.

प्रश्न : मी पॅथॉलॉजीत एमडी करून पोस्ट-डॉक (पदवीनंतरचा प्रशिक्षणार्थी संशोधक) म्हणून अमेरिकेत आलो. जे-१ व्हिसावर चौथे वर्ष चालू आहे. येथे माझे काम चांगले चालले आहे, पण रुग्णाच्या नमुन्यावर माझी सही चालत नाही. निदान मी करतो आणि दुसरा कोणी सही करतो. वय ३६. परत मुंबईला यावे, असे वाटते, पण तेथे संशोधन संपेल, ही भीती आहे. पत्नीचे मत परत येण्याकडे आहे. (एक वाचक, मूळचे ठाण्याचे)

उत्तर : सही नसण्याची खंत तुम्ही लिहिली, ती मला समजते. डॉक्टरला सही म्हणजे जबाबदारी. ती दुसऱ्याच्या नावावर जाते तेव्हा आपण कितीही प्रयोग केले, तरी पोकळी राहते. संशोधकांच्या जे-१ व्हिसाची मुदत पाच वर्षांची असते, म्हणून तुमच्याकडे निर्णयाला साधारण वर्ष आहे. या वयात तेथे पुन्हा पहिल्या वर्षाची रेसिडेन्सी सुरू करणे शक्य आहे. असे करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु तुमच्याकडे भारतातली एमडी पदवी आहे आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची सही चालू शकते, हे विसरू नका.

संशोधन संपेल, ही भीती निराधार नाही. आपल्याकडे अडचण यंत्रांची कमी आणि वेळेची अधिक आहे. अध्यापन, रोजच्या नमुन्यांचा ढीग, परीक्षा आणि वैद्यकीय आयोगाच्या तपासण्या यांत आठवडा संपतो, आणि संध्याकाळी खासगी प्रयोगशाळेत जाऊन उत्पन्न वाढवण्याचा मोह घरखर्चाच्या दृष्टीने अगदी रास्त असतो. म्हणून रिकाम्या हाताने परत येऊ नका. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पुनरागमन पाठ्यवृत्ती तुमच्यासारख्यांसाठीच आहे. २००८ साली स्थापन झालेल्या डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सने क्लिनिकल संशोधकांसाठी स्वतंत्र पाठ्यवृत्ती सुरू केल्या. त्यांची सध्याची आवाहने पाहा. अशी पाठ्यवृत्ती मिळाली, की पगार आणि संशोधनाचा पैसा सोबत येतो, आणि संस्थेला तुमचा वेळ मोकळा ठेवावा लागतो. मुंबई-नवी मुंबईत खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, परळची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आणि केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्तविकारांची) संस्था अशा जागा आहेत, जेथे रुग्ण आणि प्रयोगशाळा एकमेकांपासून फार दूर नाहीत.

मुंबईची आणखी एक आठवण तुमच्या प्रश्नाला लागून आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात ओडेसाहून पॅरिसमार्गे भारतात आलेला एक परका माणूस प्लेगच्या मुंबईत उतरला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत त्याने लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. वाल्डेमार हाफकिन वैद्यकीय पदवीधर नव्हते, या शहराशी त्यांचे नाते नव्हते. रोग येथे होता, म्हणून ते येथे आले. तुमच्या प्रश्नाचा रुग्ण कोठे आहे, हे आधी ठरवा. तो मुंबईत असेल, तर परत येणे म्हणजे माघार नव्हे. तो तेथेच असेल, म्हणजे तुमचे काम तेथील एखाद्या रुग्णसमूहावर किंवा येथे नसलेल्या तंत्रावर उभे असेल, तर पत्नीशी मोकळेपणाने बोलून तेथील रेसिडेन्सीचा विचार करा.

परत येण्याचे ठरलेच, तर होकार कळवण्यापूर्वी विभागप्रमुखांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा : आठवड्यातले किती दिवस संशोधनासाठी राखून मिळतील, नमुने साठवण्यासाठी उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि त्याला जनरेटरची जोड आहे का, आणि अनुदानाचा पैसा खर्च करण्याची मंजुरी कोणाच्या टेबलावरून किती दिवसांत सुटते. तिन्हींची उत्तरे पत्राने मागा. पहिल्याचे उत्तर ‘बघू या’ असे आले, तर दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करा. आणि ते उत्तर ‘दोन दिवस’ असे आले, तर ते दोन दिवस वाराच्या नावानिशी नेमणूकपत्रात लिहून घ्या.